शेवटची ठिणगी

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीवर, जुन्या फॅनबेल्टच्या शेजारी, गळ्यात तार अडकवून खिळ्याला टांगलेली जी काळी डबी दिसते, ती मी. मी गाडीची इग्निशन कॉइल आहे. जुनी आहे, पण निकामी नाही. हे आधीच सांगते, कारण या गॅरेजात रोज याच्या उलट सांगितलं जातं.

माझ्या पोटात केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली आहे. बॅटरीकडून येणारा करंट अशक्त असतो. इंजिनावर बसवलेला एक छोटा बॉक्स मला इशारा करतो आणि त्या क्षणी मी त्याच करंटचा असा झटका करते, की तो प्लगच्या टोकाशी उडी मारतो. तीच ठिणगी. ती पडली की पेट्रोल पेटतं. बॉक्सने इशाराच केला नाही, तर मी काही करू शकत नाही.

बेकरीवाल्या बाईंच्या व्हॅनमध्ये माझी सगळी उमेदीची वर्षं गेली. पावाचे ट्रे चढले, चावी फिरली, की मी कामाला लागायची. व्हॅन कधी रस्त्यात अडली नाही. बाई त्याचं श्रेय नशिबाला द्यायच्या. माझं नाव त्यांना माहीतही नव्हतं.

मग इंजिन धूर ओकू लागलं आणि व्हॅन या गॅरेजात आली. गॅरेज मिस्त्रींचं. वायरिंगचं काम त्यांच्या बायकोचा भाऊ करायचा. तो वरच्या खोलीत राहायचा आणि बहिणीच्या हातचं जेवायचा. त्याचा हात हलका होता. माझी टोकं त्याने इतकी अलगद पुसली, की मला माझा कारखाना आठवला. गिऱ्हाइकं दारातून विचारायची, "वायरमन आहेत का?" तेव्हा मिस्त्रींच्या हातातला पाना जरा जोरातच खाली पडायचा.

मिस्त्रींनी भंगारातून एक चांगलं इंजिन आणलं आणि त्याला स्वतः चंदेरी रंग दिला. रंगाची त्यांना भारी हौस. एकावर एक हात दिले. बॉक्सची पट्टी रंगवली, तिचे बोल्ट रंगवले, बोल्टच्या भोकांतही कुंचला फिरवला. "आरसा केलाय आरसा," ते म्हणाले. इंजिन बसलं, चावी फिरली, स्टार्टर छान फिरला. ठिणगी मात्र पडेना.

बाई स्टुलावर बसून होत्या. "मिस्त्री, माझे पाव आठवडाभर सायकलवर फिरतायत. गिऱ्हाइकं विचारतात, व्हॅन विकून खाल्ली का?"

मिस्त्री मेहुण्याकडे वळले. "सांगा, साहेब. वायरिंग तुमचं आहे."

वायरमनने टेस्ट लॅम्प काढला. माझ्या एका टोकाला लावला, तो पेटला. दुसऱ्या टोकाला लावून चावी फिरवायला सांगितली. लॅम्प लुकलुकायला हवा होता, तो एकसारखा पेटून राहिला.

"दाजी, कॉइल ठीक आहे. हिला इशाराच येत नाही. बॉक्सला अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, मिळत नसेल. तो बोल्टमधूनच बॉडीला जोडला जातो ना, आणि रंग जाड बसलाय. जरा खरवडून बघतो."

खरवडणार होता फक्त चार आण्याएवढी जागा. पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आरशानेच घात केला म्हणायचा!"

तिथेच सगळं बिघडलं. मिस्त्रींचा चेहरा बदलला.

"माझ्या रंगाला पाना लावायचा नाही. माझ्या घरी राहतोस, माझ्या ताटात जेवतोस आणि गिऱ्हाइकासमोर मला शिकवतोस? सगळं वायरिंग उचकट आणि परत कर. जेवणाच्या वेळेपर्यंत व्हॅन सुरू झाली नाही, तर हत्यारांची पेटी उचलायची आणि खोलीही खाली करायची."

"दाजी, एक मिनिटाचं काम आहे..."

"वायरिंग म्हणालो मी!"

त्याने स्वतःचं चांगलं वायरिंग उचकटलं आणि तसंच पुन्हा जोडलं. ठिणगी पडली नाही, पडणारच नव्हती. मिस्त्रींनी त्याची पेटी लाथेने दाराकडे सरकवली. तो सामान आवरायला वर गेला. बाई चहाला गेल्या.

गॅरेजात कुणी नाही असं पाहून मिस्त्रींनी एक वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं, रंग टाळून, थेट बॉक्सच्या धातूला. प्लग गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर टेकवला आणि खिडकीतून हात घालून चावी फिरवली.

इशारा आला! मी जीव एकवटला. निळी, कडक ठिणगी पडली. चट्, चट्, चट्. मित्रांनो, ती माझी होती, आणि ती शेवटची होती.

दारात मिस्त्रींची बायको जेवणाचा डबा घेऊन उभी होती. तिने ठिणगी पाहिली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग मिस्त्रींनी बॉक्सचे बोल्ट काढले, रंग खरवडला आणि बोल्ट घट्ट आवळले. आणि मग, चालू असलेल्या मला काढून, फळीवरची नवी कॉइल त्यांनी माझ्या जागी बसवली.

बाई परतल्या तेव्हा इंजिन गुरगुरत होतं.

"कॉइल मेली होती," मिस्त्रींनी मला हातात झेलत सांगितलं. "आणि आमचे साहेब म्हणत होते, कॉइल ठीक आहे! ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं की," बाई म्हणाल्या. त्यांनी खरोखरच ऐकलं होतं.

वायरमन वळकटी घेऊन खाली आला. इंजिनाकडे वाकला. चंदेरी रंगात बोल्टभोवती उघड्या लोखंडाची चमकती कडी होती. त्याने बहिणीकडे पाहिलं.

"ताई, तू इथेच होतीस ना?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "मला गाडीतलं काय कळतं? उशीर नको करूस. पेटी घे आणि जा."

तो गेला. मला खिळ्याला टांगलं. आता नवं गिऱ्हाईक आलं की मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवतात: "वायरमनवर विश्वास ठेवू नका. ही बघा, हिला तो ठीक म्हणत होता." लोक मान डोलावतात. मला गाडीला लावून पाहावं, असं अजून कुणाला वाटलेलं नाही.

मित्रांनो, मला पुन्हा व्हॅनमध्ये बसवा, असं मी म्हणत नाही. एवढंच सांगते, की वस्तू असो वा माणूस, निकामी ठरवण्याआधी एकदा तपासून पाहा. आणि ठिणगी पडताना पाहिली असेल, तर पाहिली म्हणा.

मिस्त्रींची बायको दर आठवड्याला ही भिंत पुसते. फॅनबेल्ट पुसते, पाने पुसते, घड्याळ पुसते. माझ्यापाशी आली की तिचं फडकं थांबतं. माझ्यावर धुळीचा जाड थर बसला आहे.