कुरामोचीचं यंत्राविना गाणं

जपानमधल्या हाकोदाते बंदरामागच्या गल्लीत गिटार घेऊन बारमागून बार फिरायचे आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या गाण्याला साथ द्यायची, हा माझा धंदा. माझ्याइतकी गाणी गल्लीत कुणाला येत नव्हती, आजही येत नाहीत. मग त्सुयाकोने तिच्या बारमध्ये कराओकेचं यंत्र बसवलं, इतरांनी तिचाच कित्ता गिरवला आणि माझ्या पोटावर पाय आला. तेव्हापासून मी तिची पायरी चढलो नव्हतो.

म्हणून एके दिवशी ती सुकवलेले माकूळ घेऊन दारात आली, तेव्हाच ओळखलं, बाईचं काहीतरी अडलंय.

अडलं होतं कुरामोचीचं. जन्मभर समुद्रात माकूळ धरणारा हा म्हातारा तिचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या घशाचं सोमवारी ऑपरेशन होतं, त्यात आवाज कायमचा जाणार होता. त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून साओ पावलोला गेलेली लेक मिसुझु त्याचा फोन घेत नाही. पण गिऱ्हाइकांची गाणी त्सुयाको इंटरनेटवर टाकते, ती मात्र मिसुझु न चुकता ऐकते. म्हणून तो गायला, आणि नेमकं त्याचंच गाणं काढून टाकलं गेलं.

गाण्यावर कुणाची हरकत नव्हती. ते कवी-संगीतकारांच्या संस्थेच्या यादीत आहे आणि वेबसाइट संस्थेला पैसे भरते. कुणीही गाऊन टाकावं. भानगड होती ती मागच्या संगीताची. ते यंत्राच्या कंपनीने वाजवून घेतलेलं, त्याची परवानगी वेगळी, आणि कंपनी ती देत नाही. बारमध्ये गायचे पैसे भरतेय, त्यातच सगळं आलं, असा त्सुयाकोचा तोवर समज होता.

"म्हणजे हाताने वाजवलं तर चालेल?" मी विचारलं.

"चालेल. म्हणून तर आलेय."

"यंत्राला सांग की."

"कानजिरोसान, टोमणे मारायचेत ना, मारा. पण चालता चालता मारा."

मी गिटार उचलली. मजा वाटली, खोटं कशाला बोलू?

बारमध्ये कुरामोचीला सुरुवातच करता येईना. पडद्यावर अक्षरं रंगल्याशिवाय त्याचं तोंड उघडत नव्हतं. भिंतीकडे नको, माझ्याकडे बघ, असं मी दटावलं. मग त्याने नवंच काढलं. दुसऱ्या कडव्यात बंदराच्या नावाऐवजी मिसुझुचं नाव घालायचं म्हणे. शब्द बदलायला कवीची परवानगी लागते, पुन्हा काढून टाकतील, असं त्सुयाकोने बजावलं. म्हातारा रुसून बसला.

"गाण्यात नको, गाण्याआधी बोल," मी म्हटलं. "तुझं होईपर्यंत मी माझी स्वतःची सुरावट वाजवतो. तुझ्या बोलण्याला कुणाची परवानगी लागत नाही."

यंत्र कुणासाठी थांबत नाही. मी थांबतो, तोच माझा धंदा.

तो आधी हवेबद्दल बोलला, मग माकळांच्या भावाबद्दल. मी वाजवत राहिलो. मग तो म्हणाला, "मिसुझु, तू गेलीस त्या दिवशी मी स्टेशनवर आलो होतो. खांबाआड उभा होतो. हाक मारायला हवी होती."

मी बोटं थांबू दिली नाहीत. मग तो गायला. वरच्या सुराला आवाज फाटला, तिथे मी त्याच्यासाठी थांबलो. त्याने पुन्हा गाऊ का विचारलं. मी नको म्हणालो आणि गिटार पेटीत ठेवली.

त्सुयाकोने फोनवर घेतलेलं ते सगळं तसंच इंटरनेटवर टाकलं, आणि या वेळी कुणी काढून टाकलं नाही. ऑपरेशननंतर इस्पितळात त्सुयाकोने त्याच्यासमोर फोन धरला. गाण्याखाली मिसुझुने लिहिलं होतं, 'गाण्यापर्यंत अजून पोचलेच नाही. बाबांचं बोलणं संपत आलं की पुन्हा पहिल्यापासून लावते.'