सहाव्या पिस्टनची उंची

हिवरखेडच्या खुशालरावांच्या दालमिलमध्ये वीज गेली की जनरेटर फिरवणारे एक जुने इंजिन आहे. ट्रकमधून काढलेले, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले. त्याच्या ब्लॉक आणि हेडमध्ये दाबून बसवलेले, आतला दाब बाहेर फुटू न देणारे हेड गॅस्केट एकाच हंगामात दोनदा उडाले, तेही दोन्ही वेळा सहाव्या सिलिंडरपाशीच. या खेपेस टिकले नाही तर इंजिन भंगारात घालीन, असे त्यांचा मुलगा गजेंद्र याने बजावले होते, आणि अकोल्याचा भंगारवाला ते पाहूनही गेला होता. खुशालरावांना ते इंजिन घालवायचे नव्हते. म्हणून त्यांनी मला अकोल्याच्या जठारपेठेतून बोलावून घेतले. अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात मी इंजिनांची कार्यशाळा सांभाळत असे. निवृत्तीनंतर अशी कामे आवडीने करतो.

या इंजिनाचे गॅस्केट तीन जाड्यांत मिळते. कडेला एक, दोन किंवा तीन खाचा असतात, त्यांवरून जाडी ओळखायची. निवड मात्र अंदाजाने होत नाही. पिस्टन पूर्ण वर आला की तो ब्लॉकच्या पातळीबाहेर किंचित डोकावतो. ती उंची मोजायची, सर्वांत उंच पिस्टन प्रमाण मानायचा आणि त्यानुसार खाचा ठरवायच्या. गॅस्केट गरजेपेक्षा पातळ असेल तर पिस्टन हेडला आपटण्याची भीती. जाड असेल तर सिलिंडरमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही. गजेंद्रने दोन्ही वेळा दुकानदाराने हाती दिले ते बसवले होते. मी तिन्ही जाड्यांची गॅस्केटे बरोबर नेली होती.

ब्लॉक घासून स्वच्छ केला, सपाटी तपासली, केसाएवढा फरकही काट्याने दाखवणारा डायल गेज लावला. पहिल्या पाच पिस्टनांच्या उंचीत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. सहाव्यावर गेजचे टोक टेकवले, आकडा वाचला आणि हात काढला. काटा हळूच खाली उतरला. क्षणभर थांबला. मग पुन्हा वर आला.

पिस्टन हलू नयेत म्हणून क्रँक मी अडकवून ठेवलेला होता. गेजचा स्टँड घट्ट होता. बेअरिंगमध्ये ढिलाई असेल म्हणून तीही पाहिली, नव्हती. पुन्हा मोजले, तर आकडा निराळा. उभे जनावर एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेते, तशी ती हालचाल होती.

“सर, तुमचा गेजच म्हातारा झाला असन,” गजेंद्र म्हणाला.

मी गेज पहिल्या पिस्टनवर नेला. काटा दगडासारखा स्थिर.

खुशालराव इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी विचारले, “एक अन् सहा संगंच वर येते ना, सर?”

मी होकार दिला. सहा सिलिंडरच्या ओळीत पहिला आणि सहावा पिस्टन जोडीनेच वर येतात.

“माही जोडीच हाय ते. हरण्या अन् चांद्या.”

गजेंद्र हसला. बाबा दर पोळ्याला इंजिनाला हळद लावतात, असे त्याने मला सांगितले. बैलजोडी गेल्यावर हे इंजिन घरी आले, तेव्हापासूनची त्यांची ही सवय.

लीलाबाई, म्हणजे खुशालरावांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. कपबशा खाली ठेवत, कुणाकडेही न पाहता त्या म्हणाल्या, “हरण्या घरीच मेला. चांद्याचं सांगा ना सरांले.”

खुशालरावांनी नुसता कप उचलला, तेव्हा लीलाबाईच त्यांच्याकडे वळल्या.

“तुमी आवतन देलं होतं त्याले. नैवेद्य चुलीवर होता, अन् तुमी त्याले गाडीत चढवून राहिले होते.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असे त्यांना सांगतात. आवतन दिलेल्याला कोणी उपाशी पाठवत नाही. बैलाचे गिऱ्हाईक सणाच्या सकाळीच दारात उभे राहिले असेल, तर खुशालराव तरी काय करणार होते, असे मला वाटले. पण ते बोलण्याची ती जागा नव्हती.

खुशालराव पुढे आले. सहाव्या सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकवर त्यांनी तळहात टेकवला.

“चांद्या, जेवाले चाल.”

काटा वर चढला आणि थांबला. मी वारंवार मोजले; आकडा हलला नाही. सर्वांत उंच पिस्टन तोच निघाला. त्याच्या उंचीला तीन खाचांचे गॅस्केट लागत होते. आधीची दोन्ही एका खाचेची होती. निवड झाली.

बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले. इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, धूर स्वच्छ होता. मिल पूर्ण भारावर चालवून पाहिली आणि मगच इंजिन बंद केले. माझ्यापुरते काम चोख झाले होते.

गार होताना धातू टकटक वाजतो. तो आवाज हळूहळू विरळ होत जातो. इथे तसे झाले नाही. सहाव्या सिलिंडरपाशी काहीतरी जड आणि ओले सावकाश दळले जाऊ लागले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मध्येच घोट गिळल्यासारखी शांतता, आणि पुन्हा तेच.

“सर, हे काय चघळून राहिलं?” गजेंद्रने विचारले. त्याचा आवाज बारीक झाला होता.

खुशालराव मागे सरकत दारापर्यंत गेले होते.

“गजू,” ते म्हणाले, “त्या भंगारवाल्याले फोन लाव. आजच ने म्हणा.”

गजेंद्रने मोबाइल काढला. लीलाबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“जेवता जेवता पुन्हा उठवता त्याले?” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात. तो नियम मी कधी चुकवलेला नाही. मी पाना मांडीवर घेऊन पोत्यावर बसलो. बाहेर ऊन उतरले, ब्लॉकला हात लावण्याइतकी ऊब राहिली. तो अजून जेवत होता.