बेकनझरची आई

"चहा बंद कर असं मी कुठं म्हणतेय, बात्मा? जेवणाबरोबर देऊ नकोस, एवढंच. आणि बाटलीतून तर नकोच नको."

बात्मानं मांडीवरच्या पोराच्या तोंडातली गोड चहाची बाटली काढून घेतली, तसं त्यानं भोकाड पसरलं. सायकाल हसली. गावच्या दवाखान्यातली ती एकटी नर्स. घरोघर फिरून आयांना हेच सांगायचं, हे तिचं काम. तिची एक पद्धत होती. घरात शिरल्या शिरल्या कुणाला शहाणपण शिकवायचं नाही. आधी पुढ्यात आलेल्या नानचा तुकडा मोडून तोंडात टाकायचा, मुरंब्याचं कौतुक करायचं, गाईची चौकशी करायची आणि मग हळूच मुलाच्या ताटाकडे वळायचं. ताटातलं काही काढ म्हणायचं नाही, काहीतरी वाढ म्हणायचं. म्हणून बायका तिचं ऐकत. सगळंच ऐकत असं नाही, पण निदान तोंडावर तरी हो म्हणत.

"तुमचं आपलं बरंय, सायकालताई," बात्मा म्हणाली. "लोकांच्या पोरांना अंडं द्या, कलेजी द्या. आणि तुमच्या घरात? बेकनझर नान चहात बुडवल्याशिवाय घास गिळत नाही. खिसे बघा त्याचे. चॉकलेटच्या कागदांनी फुगलेले असतात."

"त्याचं त्याची आई बघते," सायकाल म्हणाली आणि तिनं पिशवी उचलली.

बात्मा ओशाळली. बेकनझर सायकालच्याच पोटचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण त्या खोऱ्यात पहिलं नातवंड आजीआजोबांचं. सायकालनं बाळंतपणानंतर लगेच त्याला सासूच्या, उरुमकानच्या पदरात टाकलं होतं, रीतीप्रमाणे, हसतमुखानं. रडायचं ते तिनं गोठ्यात जाऊन रडून घेतलं. मुलगा उरुमकानला आई म्हणे, आपल्या बापाला दादा आणि जिनं जन्म दिला तिला वहिनी. पुढं सायकालला मूल झालं नाही. सासरा वारला. नवरा रशियात इमारतींच्या कामावर. घरी आला की पोराला धाकट्या भावासारखं खांद्यावर घेऊन गावभर मिरवायचा.

बेकनझरला दात येत होते, तेव्हा ती एकदाच बोलली होती. "आई, त्याला एवढा गोड चहा नका देऊ." सासूनं आवाज चढवला नाही. "दिलेल्या मुलावर पुन्हा हक्काचा हात ठेवू नये, सायकाल," एवढंच म्हणाली. तेव्हापासून सायकाल मूग गिळून होती. जी सून रीत म्हणून सासूचं नावसुद्धा उच्चारत नाही, ती वाद कुठला घालणार?

तशी उरुमकान वाईट बाई नव्हती. पोरावर तिचा जीव. गावात कुणाकडे जेवणावळ असली की पाहुण्यांनी दस्तरखानावरचं, जेवणासाठी अंथरलेल्या चादरीवरचं, थोडं घरी न्यायचं, अशी चाल. बाकीच्या बायका मांस नेत, बोरसोक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे नेत. उरुमकान रुमालाच्या गाठीत फक्त चॉकलेटं बांधून आणायची. बेकनझर फाटकावर बसून वाट पाहायचा, आणि गाठ सुटताना पोरापेक्षा म्हातारीचाच चेहरा जास्त खुलायचा.

त्याच आठवड्यात बेकनझर शाळेच्या पटांगणात चक्कर येऊन पडला. बाईंनी सायकालला बोलावून घेतलं. तिनं त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली जवळजवळ नव्हतीच. आजवर कितीतरी पोरं तिनं अशीच तपासली होती, पण या वेळी तिनं दुसरीही पापणी ओढून पाहिली.

"वहिनी, आईला सांगू नकोस हं," पोरगा पुटपुटला. "ती घाबरते."

दुसऱ्या दिवशी दुपारी सायकालनं पांढरा कोट घातला, पिशवी घेतली, आणि स्वतःच्याच घराचं पुढचं दार वाजवलं.

उरुमकाननं दार उघडलं. सुनेकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "किल्ली हरवली का?"

"दवाखान्यातून आलेय," सायकाल म्हणाली. "मुलाला बघायला."

म्हातारी क्षणभर उंबऱ्यातच उभी राहिली. पण दारात आलेल्या पाहुण्याला नानचा घास चाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. ती बाजूला झाली. "या," ती म्हणाली. "वर बसा."

वर म्हणजे दारासमोरची मानाची जागा. त्या घरात सायकाल कायम दाराशी, चहाच्या किटलीजवळ बसत आली होती. तिनं पाय दुमडून बैठक घेतली आणि तिला स्वतःच्याच घरात अवघडल्यासारखं झालं. बेकनझर खिदळला. "आई, वहिनी पाहुणी झाली बघ!"

"तू गप बस," उरुमकान म्हणाली. तिनं नान मोडून पुढं ठेवला, मुरंबा ठेवला, चहा ओतला. सायकालनं घास तोंडात टाकला.

"मुरंबा छान झालाय."

"तूच केलायस तो."

सायकालला हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. "बेकनझरच्या आई," ती म्हणाली, "मुलाच्या अंगात रक्त कमी झालंय. काल शाळेत चक्कर येऊन पडला. गोळ्या मी देईन, पण नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही."

म्हातारीनं पोराकडे पाहिलं. पोरानं मान खाली घातली.

"मी त्याला उपाशी ठेवते का?" ती म्हणाली. "लहानपणी आम्हा भावंडांत साखरेचा एक खडा फोडून वाटायचे. माझ्या वाट्याला चुरा यायचा. वाटलं, माझ्या पोराला असं चाटून दिवस काढायला लागू नयेत. त्यात काय चुकलं माझं?"

"काही चुकलं नाही. लाड करा, भरपूर करा. फक्त जेवणावळीहून येताना रुमालात मांस बांधून आणा. कलेजी असली तर तीच आधी उचला. जर्दाळू आणा. एखादं चॉकलेटही असू दे, त्याला जेवणानंतर द्या. चहा मात्र जेवण उरकल्यावर, तासाभरानं, नाहीतर खाल्लेलं रक्ताला लागत नाही."

"तो खायचा नाही."

"तुम्ही भरवलंत तर खाईल. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही खायचा."

उरुमकाननं किटलीची मूठ घट्ट धरली होती. "हे मला सून सांगतेय की नर्स?"

"नर्स."

"आणि पोराची आई कोण?"

सायकालनं बेकनझरकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला बोलता आलं नसतं. "तुम्ही," ती म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली. "मग सांगा नीट. वयामुळे मी विसरते."

त्या हिवाळ्यात रुमालाच्या गाठीतून कलेजी यायला लागली. बेकनझरनं आधी नाकं मुरडली, मग तो रुसला, आणि शेवटी म्हातारीच्या मांडीला मांडी लावून खायला लागला. म्हातारीसुद्धा त्याच्यासोबत फिका चहा प्यायला लागली. सायकाल दाराशी बसून ते सारं पाहायची. आनंद व्हायचा तिला, अगदी खरा. आणि त्याच वेळी एक घास, एकच, आपल्या हातानं भरवावा असं इतकं वाटायचं, की ती उठून बाहेर जायची.

बर्फ वितळल्यावर उरुमकान पोराला दवाखान्यात घेऊन आली. वाटेत भेटलेल्या बायकांनी विचारलं होतं, पोराला एवढा रंग कशानं चढला म्हणून. "आईनं सांभाळलं की चढतो," असं आपण सांगितल्याचं तिनं सायकालला आल्या आल्या ऐकवलं.

सायकालनं बेकनझरच्या बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. छान होतं. तिनं बोटावर कापूस दाबून धरला.

"वहिनी," पाय हलवत बेकनझर म्हणाला, "तू सगळ्यांच्या आयांना सांगत फिरतेस, पोरांना काय खायला घालायचं ते. मग तुलाच कसं मूल नाही?"

म्हातारी जायला म्हणून उठली होती. पोराची टोपी तिच्या हातात होती.

"नाही झालं," सायकाल म्हणाली.

"झालं असतं तर त्याला रोज कलेजी खायला लागली असती," पोरगा म्हणाला, आणि आपल्याच विनोदावर खुदखुदला.

"हो. रोज."

रक्त केव्हाच थांबलं होतं. सायकालच्या ते लक्षात आलं, तरी तिनं बोट सोडलं नाही. उरुमकाननं एकदा सुनेच्या हाताकडे पाहिलं. मग टोपी मांडीवर घेऊन ती पुन्हा बाकावर बसली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"धर अजून," ती म्हणाली. "आम्हाला घाई नाही."