रांगोळीतले पंजे

कारखान्याने मला स्वेच्छानिवृत्ती दिली. इच्छा त्यांची होती, निवृत्ती माझी. घरी बसलेल्या माणसाचं करायचं काय, यावर कर्वेनगरातल्या आमच्या घरात बरेच दिवस चर्चा चालली. मी समोर बसलेला असतानाच चालायची. शेवटी प्रश्न सोडवला आमच्या मुलीने. सृष्टी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि प्रश्न सोडवण्याचाच तिला पगार मिळायचा. एका रविवारी ती खडकवासल्याच्या रस्त्यावरून, भोकं पाडलेल्या खोक्यातून कोंबडीची पिल्लं घेऊन आली.

"बाबा, ही तुमची नवी टीम," ती म्हणाली.

मी टीमला मनापासून वाहून घेतलं. मागच्या अंगणात खुराडं उभं केलं, भोवती जाळी लावली. रोज सकाळी स्कूटरवरून मंडईत जाऊन कोबीचा पाला आणू लागलो. पिल्लं वाढली तेव्हा त्यांत एक कबरी, एक तांबडी, एक काळी आणि एक कोंबडा निघाला. कोंबडा पहाटे आरवायचा. शेजारच्या श्रीनिवासरावांनी भिंतीवरून त्याची दखल घेतली.

"आपला कोंबडा छान आरवतो. आमच्याकडे गजराचं घड्याळ आहे, एवढं आपल्या कानावर घालतो."

पहिली गेली कबरी. मंडईतून आलो तर ती अंगणात पडलेली, आणि तुळशीमागे पिसं. नोकरीत माझं काम दोष शोधण्याचंच होतं, तेव्हा वाईट वाटून घ्यायच्या आधी मी पाहणी केली. घारीने ती उचलून नेली असती. कुत्र्याने सगळ्यांनाच लोळवलं असतं आणि खाल्लं कुणालाच नसतं. बोक्याने धड भिंतीपलीकडे ओढलं असतं. इथे मान तेवढी फाडलेली, धड जागच्या जागी, आणि पायरीच्या दगडाशी एक अंडं आपटून फोडलेलं.

"आज आपल्याकडचा बेत अंगणातच का?" श्रीनिवासरावांनी गॅलरीतून विचारलं. "आमच्यावर संशय नको हं. आम्ही शाकाहारी."

पंजे उमटायला राख हवी होती. गॅसच्या घरात राख कुठली? मी बायकोच्या डब्यातली रांगोळी चाळून खुराड्याभोवती पसरली.

"अहो, ती दिवाळीसाठी ठेवलीय," द्वारका म्हणाली.

"तपासासाठी लागतेय."

"तुम्हाला निवृत्त केलं ते बरोबरच केलं त्यांनी."

दुसऱ्या दिवशी रांगोळीत पंजे होते. मांजराची चार बोटं उमटतात, नखं नाहीत. कुत्र्याचीही चारच, पण नखांसकट. ह्याला पाच बोटं होती आणि पुढे लांब नखांचे टोचे. चहाच्या वेळी मी निकाल जाहीर केला. "मुंगूस आहे."

द्वारका आणि सृष्टी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"किती वाजता येतं म्हणायचं?" द्वारकाने विचारलं.

मला वाटलं, चला, घरच्यांना रस वाटायला लागला.

मी बारीक जाळी आणली, तिची खालची कड जमिनीत पुरली, कडेने विटा दाबल्या, कडीला तार गुंडाळली. मुंगसाला दबा धरता येऊ नये म्हणून भिंतीलगतचं गवत कापलं. तरी काही आठवड्यांनी तांबडी गेली. नंतर कोंबडा. दर वेळी मी मंडईत असताना. दर वेळी कोपऱ्यातली एक वीट काढून भिंतीला टेकवून, नीट उभी ठेवलेली. मुंगूस चपळ असतं हे मान्य, पण इतकं टापटिपीचं नसावं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला होता. मी त्याचा पाठपुरावा केला नाही. घरात आम्ही तिघंच राहत होतो, त्यामुळे तो फार लांब गेला नसता.

काळी उरली. ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, आणि अंडी त्या कोंबड्याची होती. आता ही एक वाचवायची, बाकी काही नको, असं मी ठरवलं. पुन्हा रांगोळी पसरली आणि मंडईत गेलो.

परत आलो तेव्हा पंजे उमटलेले होते. सगळ्यात स्पष्ट पंजाला हळदकुंकू वाहिलेलं होतं. त्यावर एक जास्वंदीचं फूल. एका बाजूला द्वारकाच्या चपलांचा ठसा, दुसऱ्या बाजूला स्पोर्ट्स शूजची नक्षी. ते शूज मीच घेऊन दिले होते.

दोघींना बाहेर बोलावलं. "हे काय आहे?"

"हळदकुंकू," द्वारका म्हणाली.

"ते दिसतंय. मुंगसाला?"

"अहो, मुंगसाचं दर्शन चांगलं असतं. तुमच्या आईच सांगायच्या. कबरी गेली त्या सकाळी सृष्टीला दिसलं, आणि त्याच दिवशी हिला ऑफिसात..."

"आई!"

"ऑफिसात काय?" मी विचारलं.

सृष्टीने शूजकडे पाहिलं. "ऑनसाइट मिळालं, बाबा. अमेरिका. कन्फर्म नव्हतं म्हणून बोलले नाही. गुरुवारी मुंबईला व्हिसाचा इंटरव्ह्यू आहे."

"आणि तांबडी?"

"तेव्हा माझे पेपर्स फाइल झाले."

"कोंबडा?"

"तेव्हा ते अप्रूव्ह झाले."

"म्हणजे काळी व्हिसासाठी."

आत काळी बारीक आवाजात पुटपुटत होती.

"आम्ही कोंबड्यांना हात लावला नाही," द्वारका म्हणाली. "नुसती वीट काढायचो. दिसलं की लावणारच होतो. पण ते फार पटकन..."

"सृष्टी, ही पिल्लं तूच आणलीस ना?"

"तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून."

"तू होतीस की घरात. एकटं कशाने वाटलं असतं?"

ती म्हणाली, "अप्लाय केलेलं होतं, बाबा. तेव्हाच."

म्हणजे ती माझी टीम नव्हती, सृष्टीच्या जागी आणलेली बदली होती. आणि बदलीवर आलेल्यांनाही ती विटेविटेने कमी करत होती.

भिंतीवरून खाकरणं ऐकू आलं. "मला वाटलं, आपल्याला कल्पना असेल," श्रीनिवासराव म्हणाले. "मी रोज गॅलरीतून दर्शन घेतो. आमच्या चिरंजीवांचंही चाललंय ना."

गुरुवारी मी मंडईत गेलो नाही. खुराड्याशेजारी पाट टाकून बसलो. सगळ्या विटा जागेवर होत्या. मुलाखत दुपारची होती, पण गाडी सकाळीच दाराशी येऊन उभी राहिली. सृष्टी इस्त्रीचे कपडे घालून, फाइल छातीशी धरून मागच्या दारात उभी. तिच्यामागे द्वारका, तबक घेऊन. श्रीनिवासराव गॅलरीत. मुंगूस आलं नाही. माझा बंदोबस्त पहिल्यांदाच पूर्ण यशस्वी झाला होता.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. सृष्टी भिंतीकडे बघत ओठांत काहीतरी पुटपुटत होती. लहान मुलं मुंगसाने तोंड दाखवावं म्हणून त्याला शपथ घालतात, तशी ती घालत असणार. लाखांचा पगार घेणारी मुलगी.

"बाबा," ती म्हणाली. "फक्त आज."

"किती दिवसांसाठी जातेस?"

"प्रोजेक्ट असेल तोपर्यंत."

"आणि प्रोजेक्ट कधी संपतो?"

"चांगला असला तर संपत नाही." तिचे डोळे भरले होते. निदान हे तरी तिने खरं सांगितलं.

मी तार सोडली आणि काळीच्या पोटाखाली हात घातला. एरवी ती मला टोचत नसे. आज मनगटावर रक्त काढलं. एक अंडं बाहेर काढून पायरीच्या दगडावर ठेवलं आणि तिला उचलून बगलेत घट्ट धरलं.

श्रीनिवासरावांच्या शेवग्यामागून ते आलं. राखाडी, लांबट, डोळे लाल. आमच्याकडे सावकाश एक नजर टाकली, पाठ वळवली आणि मागच्या पायांमधून अंडं दगडावर आपटलं. आत पिल्लू बरंच झालेलं होतं.

सगळ्यांनी हात जोडले. माझे कोंबडीत अडकले होते.

सृष्टी वाकून पाया पडली. तिच्या डोक्यावर ठेवायला माझा एकही हात मोकळा नव्हता. "येते बाबा," ती म्हणाली. तिने काळीच्या पाठीवरून एक बोट फिरवलं आणि गाडीत जाऊन बसली.

"पुढच्या महिन्यात आमच्या चिरंजीवांचा इंटरव्ह्यू आहे," श्रीनिवासराव वरून म्हणाले. "तेव्हा आपण असंच एखादं अंडं..."

"आपण शाकाहारी ना?"

"आम्ही खाणार नाही आहोत."

काळीला आत सोडलं. ती उरलेली अंडी चोचीने पोटाखाली ओढून बसली आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

संध्याकाळी मुंबईहून फोन आला. झालं काम. द्वारकाने देवापुढे साखर ठेवली, मग चिमूटभर नेऊन कोपऱ्यातल्या विटेवरही ठेवली.

मी हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप आणलं. दुकानदाराने विचारलं, कशासाठी हवंय. मुंगसासाठी, म्हणालो. तो हसला. मुंगूस कुलपाला हात लावत नाही, हे त्यालाही माहीत होतं. कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. घरात किल्ल्या अडकवायला दाराशी खिळा आहे. ही तिथे अडकवली नाही.