सेंटर फील्डमधलं धुकं

नोव्हाय या अमेरिकन शहरात तीस वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करून प्रल्हादराव रिटायर झाले आणि ऑल्डर क्रीक नावाच्या लहानशा शहरात राहायला आले. घरी स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी त्यांच्या बायकोनं, वसुधाकाकूंनी, त्यांना गावच्या म्युझियममध्ये पिटाळलं. तिथलं सगळं नीना नावाच्या बाई एकट्याच बघत. त्यांनी एक जुनं खोकं पुढे सरकवलं. शंभर वर्षांपूर्वी या शहराची स्वतःची बेसबॉल टीम होती, मिलर्स. अगदी खालच्या लीगमधली. तिची स्कोअरबुकं स्कॅन करायची होती.

प्रल्हादरावांनी नागपुरात कॉलेजच्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरिंग केलेलं. हे काम त्यांना भलतंच आवडलं. पण १९०९च्या सप्टेंबरमधल्या एका पानावर ते अडकले. सातव्या इनिंगमध्ये बॅटरनं चेंडू सेंटर फील्डकडे मारला, इथवर नोंद होती. पुढे तो आउट झाला की पळाला, काहीच नाही. चौकट अर्धी कोरी, आणि खाली बारीक पेन्सिलीत लिहिलेलं, ‘पेल्की अजून आला नाही.’

“अमॉस पेल्की, सेंटर फील्डर,” नीना म्हणाल्या. “तेव्हा मैदानाला कुंपण नव्हतं, मागे थेट दलदल. धुकं उतरलेलं. चेंडूमागे धावत आत गेला तो गेलाच. तीन दिवस शोधला. टोपीसुद्धा मिळाली नाही.”

“कुठला होता?”

“वर उत्तरेला हार्लो म्हणून खेडं आहे, तिथला. आई तिथेच त्याची वाट बघत गेली.”

ते मैदान म्हणजे आता एका दातांच्या दवाखान्यामागचा गवताचा तुकडा होता. फोटो हवा म्हणून ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहाला प्रल्हादराव तिथे गेले. दलदलीवरून धुकं सरकत होतं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. फोटो काही येत नाही, असं म्हणून ते वळणार, तोच आतून कुणीतरी धावत येत असल्याचा आवाज आला. चिखलात बूट फसत होते, सुटत होते. मग धापा टाकत एक आवाज आला, “व्हेअर?”

चेंडू हातात आला की फील्डर असंच विचारतो, कुठे टाकू. प्रल्हादरावांच्या तोंडून नकळत निघून गेलं, “होम!”

कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं आणि मागे गवतात धप्प आवाज झाला. ते वळले. गवतात चेंडू नव्हता. मग ओल्या लोकरीचा वास आला, आणि कुणीतरी त्यांच्या अगदी खांद्याजवळून चालत पुढे गेलं. दिसलं कुणीच नाही. पार्किंगच्या डांबरावर मात्र खिळ्यांच्या बुटांचे ओले ठसे एकेक करून उमटत गेले, थेट त्यांच्या गाडीपाशी. मागचं दार बंदच होतं. पण गाडीची मागची उजवी बाजू बोटभर दबली. एक धडधाकट माणूस बसला की गाडी किती दबते, हे त्यांना पाठ होतं.

ते गाडी तिथेच टाकून पायी घरी आले.

“गाडी कुठंय?” काकूंनी विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. काकू हसल्या नाहीत.

“तुम्ही त्याला होम म्हणालात?”

“अगं, होम म्हणजे होम प्लेट, बॅटर उभा राहतो ती जागा. बेसबॉलमध्ये—”

“तुमचं राहू द्या. त्याला काय वाटलं असेल?”

काकूंनी स्वेटर चढवला आणि प्रल्हादरावांच्या हातातून किल्ली घेतली.

गाडी अजून तशीच दबलेली होती. काकू ड्राइव्ह करत होत्या. हार्लोपर्यंतच्या तीन तासांत दोघांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागच्या काचा आतून सारख्या धुरकट होत होत्या. दलदलीचा वास होता. एका सिग्नलला काकूंनी मागचा हीटर लावला.

हार्लोत पांढऱ्या चर्चशेजारी दफनभूमी होती. पेल्की आडनावाचे तीन दगड सापडले, एक बाईचा. काकूंनी तिथवर गाडी नेली, उतरल्या आणि मागचं दार उघडून धरलं.

“आलं बघ तुझं गाव,” त्या म्हणाल्या. “उतर. आई इथेच आहे.”

बराच वेळ काही झालं नाही. वाराही नव्हता. मग गाडी हळूच वर उचलली गेली. खडीवर चार पावलं वाजली, पुढे गवत होतं, तिथून ऐकू आली नाहीत. काकूंनी दार लावलं. सीटवर काळ्या चिखलाचा ओला ठसा होता.

परतताना पेट्रोल पंपावर त्यांनी कॉफी घेतली. प्रल्हादरावांच्या कपाचं झाकण काकूंनी काढून दिलं.

“तू त्याच्याशी मराठीत बोललीस,” ते म्हणाले.

“मग काय करू,” काकू म्हणाल्या. “भीती वाटली की मला इंग्लिश सुचत नाही.”