वडी सुटली, पान राहिलं

मित्रांनो, मी एक जुना रेडियम कटर आहे. गाड्यांच्या काचांवर आणि दुकानांच्या दारांवर चकचकीत चिकट अक्षरं दिसतात ना, ती कापणारा. माझी तुलना कुणी कात्रीशी केली तर मला मुळीच खपत नाही. कात्री समोर येईल ते आरपार कापत सुटते. माझं काम नाजूक. माझ्या पोटातून जाणाऱ्या पट्टीला दोन थर असतात, वर रंगीत चिकट पापुद्रा आणि खाली गुळगुळीत पांढरा कागद. मी वरचा पापुद्रा कापायचा आणि खालच्या कागदाला धक्का लावायचा नाही. हे मला जन्मतःच येतं. मला चालवणाऱ्यांना मात्र ते शिकावं लागतं, आणि माझ्या माणसांनी ते कसं शिकून घेतलं, ती गंमत ऐकण्यासारखी आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की थर्माकोलमधून बाहेर काढलं तेव्हा मी लालबागच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीत होतो. पूर्वी तिथे शेवंतीबाईंची खानावळ होती. गिरणीतली माणसं पाळीनुसार येऊन पंगतीला बसायची. संप झाला, भोंगे थांबले, जेवणारे एकेक करून गावाला गेले आणि पाट भिंतीला टेकून उभे राहिले. पुढे कितीतरी वर्षांनी शेवंतीबाईंची मुलगी नलू दादरला कॉम्प्युटर शिकली आणि तिनं हट्टानं मला घरी आणलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, महिनाभर वापरून बघा, नाही जमलं तर परत न्यायला येतो.

न जमण्याचं मुख्य कारण म्हणजे नलूचे वडील, रघूशेठ. ‘शेठ’ ही पदवी मीच दिली आहे, कारण ते माझ्यासमोर खुर्ची टाकून मालकासारखे बसायचे. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणत. ज्या दिवशी संप सुरू झाला त्या दिवशी त्यांच्या साच्यावर कापड अर्धं विणलेलं होतं. ते तसंच राहिलं. तेव्हापासून अर्ध्या कामाचा त्यांना भयंकर राग. ताटात अर्धी भाकरी उरली तरी अस्वस्थ व्हायचे बिचारे.

आता बघा, माझं पातं एका पितळी टोपीत बसतं. टोपी फिरवली की त्याचं टोक कमीजास्त बाहेर येतं. ते टोक किती जोरानं दाबायचं, ते माझ्या कपाळावरच्या बटणांनी ठरतं. नलू सगळं बेतानं लावायची. रघूशेठ पट्टी उलटून पाहायचे आणि मागचा कागद कोराच दिसला की त्यांचं कपाळ आठ्यांनी भरायचं.

“अर्धाच कापल्यान गो ह्यानं! अर्धवट काम माका जमूचा नाय.”

नलूची पाठ वळली की ते टोपी फिरवायचे आणि बटण दाबत राहायचे. मग काय विचारता! माझं पातं दोन्ही थर फाडून खाली माझ्याच अंगात रुतायचं. अक्षरं सुटी होऊन फरशीवर पडायची. त्यांचा मागचा कागद नखानं सोलून ती एका ओळीत चिकटवता चिकटवता नलूच्या डोळ्यांत पाणी यायचं. कुणाच्या पाटीतला ‘बा’ खुर्चीखाली गेला आणि ‘ई’ झाडूबरोबर कचऱ्यात गेली, असंही एकदा झालं. दोष अर्थात माझ्यावर यायचा.

महिना संपत आला तशी गुणवंती आली. ती वरळी कोळीवाड्यातली, लालबागच्या बाजारात मासे विकायची. एके काळी खानावळीचे मासे तीच द्यायची.

“नलू, नवी होरी केलीय. नारली पुनवेचे आदी नाव टाकून दे. सासूचा नाव, सोनूबाई. ते नाय टाकला तर होरीत पाय नाय ठेवाची ती. आनि कालोखान चमकला पायजे. मोठ्या बोटी येतान, त्यांना आमी दिसलो पायजे.”

होडीसाठी नलूनं उजेड पडला की झळकणारा सोनेरी रेडियम आणला. तो जाड असतो. रघूशेठना आणखी चेव आला. पहिला तुकडा गेला, दुसराही गेला. उद्या पौर्णिमा, शेवटचा तुकडा शिल्लक, दुकानदाराकडे तो रंग संपलेला, आणि मला न्यायला विकणारा सकाळी येणार होता. मी फार घाबरलो होतो, मित्रांनो. मला त्या घराचा, तिथल्या फोडणीच्या वासाचासुद्धा लळा लागला होता.

पलीकडे शेवंतीबाई पौर्णिमेसाठी नारळाच्या वड्या करत होत्या. त्यांची खानावळीतली पद्धत वेगळी. तूप लावलेल्या केळीच्या पानावर सारण थापायचं, त्यावरच सुरीनं वड्या पाडायच्या आणि पान उचलून अख्ख्या पंगतीत फिरवायचं. त्यांनी वड्या पाडल्या आणि पान रघूशेठच्या समोर धरलं. रघूशेठनी एक वडी उचलली, अलगद सुटली. दुसरी उचलली, तीही सुटली.

“आता पान उलटा करून बघा. खय कापला?”

रघूशेठनी पान वर धरून खालून पाहिलं. चराही नव्हता.

“मी अर्धा काम केलंय काय हो? पान कापला असता तर वडये जमिनीवर गेले असते. वडी सुटली, पान रवला. ह्याच काम.”

रघूशेठनी पानाच्या मागून नख फिरवून पाहिलं. इतकी वर्षं त्या वड्या खाल्ल्या, पण पानाकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग ते हसायला लागले, ते थांबेचनात. उठून त्यांनी स्वतःच्या हातानं माझी टोपी मागे फिरवली. नलूनं जोर उतरवला. कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघितला, तर तो सुटताना फाटला. जोर जरासा वाढवला. पुन्हा चौकोन. या वेळी तो वडीसारखा सुटला आणि मागे कागदावर नुसती पुसट रेघ!

मग मी ‘सोनूबाई’ कापलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम. आजूबाजूचं सोनं सोलून निघालं आणि नाव जागच्या जागी राहिलं, एकही अक्षर हललं नाही. सकाळी विकणारा आला, त्याच्या हातावर दोन वड्या ठेवून त्याला परत पाठवलं.

पौर्णिमेचं मी पाहिलं नाही, गुणवंतीनं सांगितलं. दिवेलागणीला म्हातारी सोनूबाई किनाऱ्यावर बॅटरी घेऊन उभी राहिली आणि सेल संपेपर्यंत स्वतःचं नाव चमकवत बसली.

आता त्याच खोलीत नलूचं दुकान आहे आणि दुकानात नवा कटर आहे. तो जोर आपला आपणच ठरवतो. मी मागच्या फळीवर धूळ खात असतो. तरी मित्रांनो, तुम्हाला सांगतो, तुमच्या हाताखाली यंत्र असो की माणूस, एकदम जोर लावू नका. कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघा. आणि आम्हा जुन्यांना अधूनमधून पुसत जा.

या श्रावणात गुणवंतीची सून कालिंदी आली. नवी होडी घेतली होती.

“सासूचा नाव टाका. नायतर होरीत पाय नाय ठेवाची ती.”

“मी कदी बोलली गो?” मागून गुणवंती ओरडली, पण तोंडभर हसत होती.

नलूनं नव्या कटरकडे पाहिलंसुद्धा नाही. मला खाली उतरवलं, पुसलं, टोपी बेतानं फिरवली आणि कोपऱ्यात छोटा चौकोन कापला. खुर्चीतून म्हाताऱ्या रघूशेठनी हात पुढे केला, पट्टी उलटली आणि मागून नख फिरवलं. दृष्टी आता पोचत नाही त्यांची.

“पान रवला?”

“रवला, बाबा.”

मग मी ‘गुणवंती’ कापायला घेतलं.