सदरावरचा फोटो

माझी थोरली नणंद टायपिंगच्या क्लासात सव्वीस वर्षं शिकवत होती. क्लास बंद पडला तेव्हा मालकाने यंत्रं भंगारात वजनावर घातली आणि ताईंना निरोप म्हणून भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. त्यांनी ते घरी आणलंच नाही, वाटेत कुणाला तरी देऊन टाकलं. महिन्याभरात त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि बाहेरच्या खोलीत फोनशेजारी मांडला. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्या आमच्याकडे राहायच्या. खरं तर घर त्यांच्या नावावर होतं, म्हणजे आम्हीच त्यांच्याकडे राहायचो. पण मी तसं कधी म्हटलं नाही.

त्या काळी इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं. मोडेम आधी किरकिरायचा, मग शिट्ट्या मारायचा आणि घसा खाकरून गप्प व्हायचा. तो गप्प झाला की आमचा फोन मुका. माझ्या माहेरचे म्हणायचे, "तुला फोन लावण्यापेक्षा येऊन गेलेलं लवकर होतं." हे मी ताईंच्या कानावर पडेल अशा बेताने सांगायची.

ताईंना कुणी शिकवलं नव्हतं. बिघडवायचं आणि नीट करायचं, हीच शाळा. कळेल ते वहीत उतरवायच्या. पत्र आधी सगळं लिहून घ्या, मग फोन जोडा, पाठवा आणि लगेच तोडा. लाइन धरून विचार करत बसू नका. पान उघडायला वेळ लागत असेल तर चित्रं बंद करा. फ्लॉपी स्पीकरजवळ ठेवू नका, आतल्या चुंबकाने पुसली जाते. विजा चमकायला लागल्या तर नुसतं बटण बंद करून भागत नाही, मोडेमची फोनची तार उपटून ठेवा. हे शेवटचं शेजारच्या मास्तरांचा मोडेम जळाला त्या दिवशी लिहिलेलं.

रविवारच्या पुरवणीचा संपादक त्यांचा जुना विद्यार्थी होता. एकदा सहज भेटायला आला आणि वही वाचत तासभर बसला.

"बाई, दर आठवड्याला यातलं थोडं थोडं द्या. लोकांच्या घरात यंत्र आलंय, पण हात लावायची भीती वाटते."

"देते की."

तो घुटमळला. "फक्त नावाचं जरा... ते चौकातलं कॉम्प्युटरचं दुकान आहे ना, त्यांची जाहिरात असते आमच्याकडे. हे सदर त्या दुकानदाराच्या नावाने, फोटोसकट जावं, असं वरच्यांचं म्हणणं आहे. टायपिंगच्या बाईंचा सल्ला म्हटलं तर लोक... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," ताई म्हणाल्या. "स्वल्पविराम तेवढे माझे राहू देत."

सदर चाललं, चांगलं दोन वर्षं चाललं. दुकानदाराला शाळांमधून भाषणाची बोलावणी येऊ लागली. एकदा बँकेच्या रांगेत दोघा जणांना सदराबद्दल बोलताना ताईंनी ऐकलं. घरी येऊन त्यांनी मला ते सगळं सांगितलं, कोण काय म्हणालं ते आवाज काढून. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "नाव तर त्याचंच झालं ना?" त्या उठून आत गेल्या.

मग ते पत्र आलं. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या ईमेलवर ते येत होतं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये छत्रीचं चित्र असलेली एक फाइल आहे, ती व्हायरस आहे, दोन आठवडे झोपून राहते आणि मग सगळं खाते. ताबडतोब पुसा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा. ताईंनी शोधलं, तर फाइल होती. त्या मास्तरांकडे गेल्या, तिथेही होती. एका ओळखीच्या ऑफिसात त्याच दिवशी नवंकोरं यंत्र खोक्यातून काढलं होतं, त्यातही छत्री होतीच.

"म्हणजे ती यंत्राबरोबरच येते," त्या मला म्हणाल्या. "आणि सगळ्यांना कळवा असं जे पत्र म्हणतं, ते कुणालाच कळवू नये."

शनिवारी दुपारी ताई मास्तरांकडे गेल्या होत्या, म्हणून फोन मोकळा होता. तो वाजला. संपादकाच्या हाताखालचा कुणीतरी बोलत होता. दुकानदाराला सदरात छत्रीवाल्या फाइलीची चौकट घालायची आहे, पान छपाईला जातंय, बाईंना विचारायचं होतं. माझे हात साबणाने भरलेले होते, नळ चालू होता. मास्तरांचं घर दहा पावलांवर, हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

"त्यात त्यांना काय विचारायचंय?" मी म्हटलं. "फोटो त्याचा, नाव त्याचं. छापा."

संध्याकाळी ताई आल्या तेव्हा मी सांगायला विसरले. विसरले असं मी बरीच वर्षं स्वतःला बजावलं.

रविवारी चौकट छापून आली. लोकांनी जेवायच्या आधी छत्र्या पुसल्या. कुणाचं प्रिंटिंग बंद पडलं, कुणाचा पडदा काळा तो काळाच. सोमवारी दुकानासमोर रांग लागली, माणसं सीपीयूची खोकी लेकरांसारखी छातीशी धरून उभी. दुकानदार येईल त्याला सांगत होता, "सदर मी कुठे लिहितो? एक बाई लिहून देते."

पुढच्या रविवारी चार ओळींचा खुलासा आला. सदर चुकीची माहिती निवृत्त टायपिंग शिक्षिका अमुक अमुक यांनी पुरवली होती, आमच्या तज्ज्ञांचा तिच्याशी संबंध नाही. ताईंचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. छापून आलेलं पहिल्यांदाच, आणि एक वेलांटी चुकलेली नाही.

ताई संपादकाकडे निघाल्या तशी मीही बरोबर गेले. का गेले, सांगता येत नाही.

"त्या चौकटीत माझा एक शब्द नाही," ताई म्हणाल्या.

"ठाऊक आहे मला, बाई."

"मग?"

"तो जाहिरात काढून घ्यायला निघाला होता." संपादक टेबलाकडे बघत बोलला. "आणि आम्ही विचारलं होतं, बाई. घरी फोन केला होता. छापा म्हणाले."

ताईंनी मान वळवली नाही. "बरं," म्हणाल्या आणि उठल्या.

घरी येईपर्यंत मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. ते त्यांनी मागितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त त्या दिवसापासून मला अहो-जाहो करू लागल्या.

त्यांनी ती फाइल दहा-बारा फ्लॉप्यांवर उतरवली आणि दारोदार फिरल्या. मास्तरांचं यंत्र आधी सुरू केलं. त्यांच्या मुलीची पत्रं त्यावर येत. मास्तरांनी खुर्ची पुसून दिली, बाकी काही विचारलं नाही. काहींनी काम करून घेतलं आणि वर चार शब्द ऐकवले. कोपऱ्यावरच्या निवृत्त साहेबांनी दार अर्धंच उघडलं.

"दुकानाचा माणूस येणार आहे. तुम्ही हात लावू नका."

दीड महिन्याने संपादक घरी आला. सदर आता दुकानातला कुणीतरी लिहीत होता, आणि ते कुणी वाचत नव्हतं.

"बाई, पुन्हा सुरू करा."

"नाव छापशील?"

तो खाली बघू लागला. "आता ते नाव, बाई... लोकांच्या लक्षात आहे ना."

"चहा घे आणि जा," ताई म्हणाल्या. चहा मीच केला. तो त्याने घेतला नाही.

त्या वर्षी ताईंनी मालवाहतुकीच्या एका कचेरीत नोकरी धरली, पावत्या टाइप करायची. कॉम्प्युटर मास्तरांना देऊन टाकला. एकदा त्या चष्मा विसरून गेल्या म्हणून मी तो द्यायला गेले. त्यांच्या टेबलावरचं यंत्र अडकलं होतं. मॅनेजर फोनवर दुकानाला माणूस पाठवायला सांगत होता, बाहेर ड्रायव्हर पावत्यांसाठी खोळंबले होते, आणि ताई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

मी वाकून हळूच म्हटलं, "ताई, हे तर तुम्हाला येतं."

"येतं," त्या म्हणाल्या. माझ्या हातातून चष्मा घेतला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "तुम्ही निघा. याला वेळ लागेल."